दम धरायचा, श्वास नाही

तोंडावर पाणी आलं की माणूस श्वास रोखतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना तोंडावर पाणी पडलं तर तेही क्षणभर श्वास थांबवतं. नाकाभोवतीच्या आणि कपाळाच्या कातडीला गार पाणी लागलं की चेहऱ्यातली नस थेट मेंदूकडे निरोप धाडते: थांब. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याचा जीव वाचवणारी ही हाडीमाशी खिळलेली सवय. स्कूबाचं पहिलं प्रशिक्षण सुरू होतं ते नेमकं तिच्याशी भांडण काढूनच. पाठीवर हवेचं सिलिंडर असताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा तिथला पहिला नियम. ओपन वॉटर नावाच्या या पहिल्या कोर्समधल्या बहुतेक कसरती फिरून फिरून याच नियमाशी येऊन थांबतात.

मराठीत ‘दम धरणे’चे दोन अर्थ होतात. एक छातीत हवा कोंडून ठेवायचा, दुसरा घाई न करण्याचा. पाण्याखाली पहिला घात करतो, दुसरा तारतो. पंचाईत अशी की घाबरलेल्या नवशिक्याकडून बरोबर उलटं होतं: श्वास धरला जातो आणि धीर सुटतो.

यामागचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी १ बारची भर. म्हणजे १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलं. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर आपण ज्या खोलीवर असू तिथल्याच दाबाची हवा देतो, म्हणून छातीवर एवढं पाणी असूनही श्वास सहज येतो. आता १० मीटरवर भरून घेतलेली ५ लिटर हवा तोंड मिटून वर आणली, तर पृष्ठभागाशी तिला १० लिटर जागा लागेल. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. फाटण्याआधी ते दुखतही नाही, त्यामुळे इशारा मिळत नाही. फाटलेल्या जागेतून बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले, तर वर येताक्षणी किंवा पुढच्या काही मिनिटांत शुद्ध हरपते, हातपाय लुळे पडतात.

खोल गेल्यावरच धोका, असं मात्र समजायचं नाही. ३० मीटरवरून २० वर येताना छातीतली हवा एक तृतीयांशाने वाढते; १० वरून वर येताना ती दुप्पट होते. सगळ्यांत मोठा फरक शेवटच्या, उथळ पाण्यातच पडतो. छाती गच्च भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटरही पुरतो, म्हणजे पोहण्याच्या तलावाचा उथळ भागसुद्धा. ‘तलावच तर आहे’ म्हणून पहिल्या दिवशी मस्करी करणाऱ्या विद्यार्थ्यावर चांगला इन्स्ट्रक्टर सगळ्यांत जास्त लक्ष ठेवतो.

तोंडातला रेग्युलेटर सुटला तर

आजच्या रेग्युलेटरचा पूर्वज १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार झाला. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां या दोघांचं ते काम. गान्यांकडे मुळात युद्धकाळात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर मोटारी चालवण्यासाठी केलेली झडप होती. इंजिन ओढेल तेवढाच गॅस सोडणारी. इंजिनाच्या जागी माणसाची छाती आली. ओढलं तर हवा येते, नाही ओढलं तर थांबते. यंत्र सिलिंडरच्या झडपेवर बसतं त्या भागाला फर्स्ट स्टेज म्हणतात, तोंडात असतो तो सेकंड स्टेज.

सेकंड स्टेज तोंडातून निसटणं ही काही आपत्ती नव्हे. कुणाच्या पायातला फिन लागला, हवेची नळी म्हणजे होज कशात अडकली, चावायचं रबर झिजलं की होतं तसं. म्हणून पहिल्याच सत्रात तो मुद्दाम काढायला लावतात. काढल्या क्षणापासून ओठांतून बारीक बुडबुड्यांची धार सुरू, जणू हळूच ‘आऽऽ’ म्हणतोय. मग उजव्या अंगाला झुकायचं, उजवा हात मांडीला घासत मागे सिलिंडरच्या बुडापर्यंत न्यायचा आणि तिथून मोठा गोल घेत पुढे आणायचा. होज दंडावर आपोआप येऊन बसते. नाही आली तर उजव्या खांद्यावरून हात मागे घालून फर्स्ट स्टेजपाशी होजचं मूळ पकडायचं आणि तिच्या कडेने पुढे यायचं. तरीही सापडेना, तर छातीवरचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा सेकंड स्टेज, तोंडात घालायचा आणि निवांत शोधायचं.

सापडल्यावर आत पाणी भरलेलं असतं. छातीत हवा शिल्लक असेल तर जोराची एक फुंकर, पाणी खालच्या झडपेने बाहेर. हवा उरली नसेल तर जीभ टाळ्याला लावून मुखाशी आडोसा करायचा आणि समोरचं पर्ज बटण दाबायचं, म्हणजे सिलिंडरमधली हवाच पाणी बाहेर ढकलते. त्यानंतरचा पहिला श्वास अगदी सावकाश, चाखत घ्यावा तसा. थेंबभर पाणी राहिलेलं असतंच. इथली नेहमीची चूक म्हणजे घाईत रेग्युलेटर उलटा घालणं. मग पाणी बाहेर टाकणारी झडप वर जाते, आतलं पाणी निघत नाही आणि दर श्वासाला घशात येतं. विद्यार्थ्याला वाटतं यंत्र बिघडलं.

बघणाऱ्याची नजर मात्र या सगळ्यात विद्यार्थ्याच्या हातांवर नसावी. ओठांवर असावी. हात शोधायला लागले की मन तिकडे जातं आणि बुडबुडे थांबतात. होज पहिल्या फटक्यात सापडली पण बुडबुडे थांबले, तर ती कसरत जमलेली नाही, पुन्हा.

मास्क: अर्धा कोर्स इथेच

कुणी काही म्हणो, कोर्स अडतो तो मास्कमध्ये पाणी घेण्यापाशी. ‘नाकातोंडात पाणी जाणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे संकट गळ्याशी आल्यावर वापरतात, आणि इथे तर ते पाणी स्वतःच्या हाताने नाकापाशी आणायचं असतं.

कृती चार ओळींची आहे. मास्कची वरची कड बोटभर उचलून पाणी नाकपुडीपर्यंत येऊ द्यायचं. तोंडाने श्वास घ्यायचा. वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान किंचित वर, आणि नाकाने लांबवर श्वास सोडायचा. हवा वर जाऊन साठते, पाण्याला खालून बाहेर ढकलते. मग पूर्ण मास्क भरून. मग मास्क काढून, मिनिटभर तसाच श्वास घेऊन, परत घालून.

चार ओळींत चुका मात्र पोतंभर. कुणी खालची कड दाबतो. मग पाण्याची वाटच बंद. कुणी फुंकर तोंडाने मारतो, बुडबुडे रेग्युलेटरमधून जातात आणि मास्क आहे तसाच भरलेला. कुणी नाक शिंकरल्यासारखे छोटे छोटे फटके देतो. त्यात हवा कडेने निसटते आणि पाणी राहतं. लांब, संथ, गुणगुणल्यासारखा उच्छ्वास हवा. कुणी नाकातून सोडायला लागण्याआधीच मान मागे टाकतो, आणि साठलेलं पाणी सरळ नाकपुड्यांत उतरतं. आणि सगळ्यांत मोठी चूक, जी चूक म्हणताही येत नाही: घसा बंद होणं. नाकाला पाणी लागलं की शरीर नाक आणि तोंड दोन्ही एकदमच मिटतं. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा भरपूर आहे, तरी श्वास येत नाही. डोळे विस्फारतात आणि पाय वर जायला बघतात. मास्क भरल्याबरोबर पृष्ठभागाकडे झेपावणारा डायव्हर हवा संपलेल्या डायव्हरइतकाच धोक्यात असतो, कारण झेपावताना श्वास रोखलेलाच असतो.

यावर खोल पाणी हे औषध नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, मास्क न घालता, तोंडात फक्त रेग्युलेटर. चेहरा पाण्यात. सुरुवातीला नाक चिमटीत धरून चार श्वास, मग चिमूट सोडून चार. तोंडाने आत, नाकाने बाहेर, हे चाललं की नाकात पाणी शिरायला फुरसतच मिळत नाही. स्नॉर्केल आणि पाण्याने भरलेलं घमेलं असेल तर घरीही होतं. दोन दिवस दहा-दहा मिनिटं केलं तरी तलावातला तासभर वाचतो. पण कोर्स घाईत उरकायचा असला की हीच दहा-दहा मिनिटं कापली जातात. कसाबसा एकदा मास्क रिकामा केला की खूण केली, पुढे चला. विद्यार्थ्याने अशा वेळी स्वतःहून ‘अजून तीनदा करू’ म्हणावं. लाजण्यासारखं काही नाही.

मास्कच गळत असेल तर आधी साधी कारणं बघावीत. कडेखाली केस अडकलाय का? मिशी आहे का? मिशी असेल तर थोडं गळणारच. नाकाखालच्या मिशीवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवतात, काही जण तेवढी पट्टी भादरतात. पट्टा करकचून आवळला तर गळती थांबत नाही, वाढते, कारण सिलिकॉनची कड दुमडते. पोहण्याचा गॉगल का चालत नाही, याचं उत्तरही नाकातच आहे: खाली जाताना मास्कमधली हवा आक्रसते, ती नाकाने थोडी हवा सोडून भरून काढावी लागते. गॉगलला नाक नाही. तसंच खाली गेलं तर डोळ्यांतल्या केशवाहिन्या फुटून पांढऱ्याचं लाल होतं.

कान

कानाचं तत्त्व तेच. पडद्यामागे हवेची छोटी पोकळी आहे आणि तिला घशाशी जोडणारी यूस्टेशियन नळी. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची किंवा नाक धरून आवंढा गिळायचा. टप् असा बारीक आवाज येतो. हे पृष्ठभागावरच एकदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखण्याआधी. दुखलं मग केलं, तर उशीर झालेला असतो; बाहेरच्या दाबाने नळीचं तोंड चिकटून बसतं आणि जोर लावून ते उघडत नाही. जोर लावला तर आतल्या कानालाच इजा होऊ शकते. अडलं की मीटरभर वर यायचं, सुटू द्यायचं, पुन्हा उतरायचं. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरलं की हे सोपं जातं. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. गोळी घेऊन नाक मोकळं करणारे हिकमती असतात. गोळीचा असर पाण्याखाली उतरला की कोंडलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही. खाली जाताना दुखलं तर थांबता तरी येतं, वर तर यावंच लागतं.

काट्याची थरथर

जमिनीवरची एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. सिलिंडरची झडप उघडताना प्रेशर गेजची काच तोंडापासून दूर धरायची, मग झडप सावकाश पूर्ण उघडायची. काटा २०० बारवर जाऊन बसतो. आता काट्याकडे बघतच रेग्युलेटरमधून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे. काटा ढिम्म हलला नाही तर ठीक. दर श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर झडप अर्धवट उघडी आहे. होतं असं, की कुणीतरी मदत म्हणून झडप ‘तपासतो’, चुकीच्या बाजूला पूर्ण फिरवून बंद करतो आणि अर्धा आटा उघडून सोडतो. काठावर श्वास मस्त येतो. पण २० मीटरवर प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते, आणि त्या फटीतून ती येत नाही. सिलिंडर भरलेलं आणि छाती रिकामी.

त्यानंतर जोडीदाराची तपासणी. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगवणारं जॅकेट, फुगतं आणि रिकामं होतं का, बुडायला मदत करणारी शिशाची वजनं आहेत आणि एका हाताने सुटतात का, बकलं कुठे आहेत, हवा किती आणि ऑक्टोपसमधून येते का, शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर. मिनिटभराचं काम. प्रत्येक गोष्टीला हात लावून करायचं. नुसत्या माना डोलावून केलेली तपासणी न केल्यासारखीच.

तरंगणं

पाण्याखाली ना वर जायचं ना खाली, अधांतरी राहायचं, हे खरं कसब. कोर्सात ते अर्धवटच जमतं आणि त्यात वावगं काही नाही. गोंधळाचं मूळ बहुधा जास्तीच्या शिशात असतं. नवशिक्या बुडत नाही म्हणून त्याला वजनं वाढवून देतात. तो बुडत नसतो कारण छाती भरून ठेवलेली असते. पुन्हा तोच श्वास. मग जास्तीचं शिसं पेलायला बीसीडीत जास्त हवा, आणि ती हवा वर जाताना फुगते, खाली जाताना आक्रसते. माणूस लिफ्टसारखा वरखाली होत राहतो.

वजनाची परीक्षा सोपी आहे. बीसीडी रिकामं, नेहमीएवढा श्वास आत, पाय न हलवता उभं तरंगायचं: पाणी डोळ्यांपाशी यावं, आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला व्हावं. हे भरलेल्या सिलिंडरने केलं तर सुमारे दोन किलो शिसं जास्तीचं धरायचं, कारण हवेलाही वजन असतं आणि डाइव्ह संपेपर्यंत तेवढी हवा वापरली जाते. बीसीडीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण टिचकीएवढंच दाबायचं आणि थांबायचं. परिणाम दिसायला दोन-चार सेकंद लागतात. त्या सेकंदांत न थांबता दुसऱ्यांदा दाबणारा छताला लागतो.

हवेचा हिशेब आणि हवा संपली तर

१२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला १८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला १८ मीटरवर, म्हणजे २.८ बारला, ५६ लिटर लागतील: ३२ मिनिटं. धापा टाकत २५ लिटर ओढणाऱ्याला तेच सिलिंडर २५ मिनिटंच पुरेल. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे, त्यामुळे हे आकडे पाठ असलेले बरे.

एवढं करून संपलीच, तर तळहात गळ्यावरून आडवा फिरवायचा. जोडीदाराचा ऑक्टोपस घ्यायचा, पर्ज करायचा, एकमेकांचा उजवा हात कोपराखाली घट्ट धरायचा. आणि लगेच वर नाही निघायचं. आधी दोन-तीन श्वास, डोळ्यांत डोळे घालून, मग ठीकची खूण, मग वर. जोडीदार दूर आणि पृष्ठभाग जवळ असेल, साधारण ९ मीटरच्या आत, तर एकट्याने: रेग्युलेटर तोंडातच, एक हात वर, मान वर, पूर्ण वाटभर ‘आऽऽ’. तोंडातला रेग्युलेटर काढायचा नाही, कारण वर जाताना बाहेरचा दाब उतरला की रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरमधून आणखी एखादा श्वास मिळतो.

खुणांबद्दल एक सांगायला हवं. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. सवयीने अंगठा दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला घेऊन इन्स्ट्रक्टर निमूट वर येतो, आणि तेच बरोबर आहे. अंगठ्याला कारण विचारायचं नाही. तो कुणीही, केव्हाही दाखवू शकतो.

वर येणं

मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही. जुन्या शिकवणीत १८ होतं, ते मागे पडलं. नंतर ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा. दाबाखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघावा म्हणून. घाई केली तर तो रक्तात आणि ऊतींत बुडबुड्यांच्या रूपाने निघतो: सांधे ठणकणं, कातडीवर चट्टे, मुंग्या, विनाकारण थकवा. असं काही वाटलं तर ‘झोपलं की बरं वाटेल’ म्हणायचं नाही. शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्ष, म्हणजे माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवायची बंद खोली, असलेलं रुग्णालय गाठायचं. विमानात बसायचं असेल तर एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस झाल्यास १८.

आणि कोर्सआधीचा वैद्यकीय फॉर्म. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधं. एका ‘हो’मुळे डॉक्टरांचं पत्र आणावं लागतं म्हणून बरेच जण सरसकट ‘नाही’ लिहितात. बॉइलचा नियम फॉर्म वाचत नाही.

डोकं पाण्याबाहेर आलं की सगळं संपल्यासारखं वाटतं. मास्क कपाळावर सारायचा असतो, रेग्युलेटर थुंकून टाकायचा असतो, काय काय पाहिलं ते सांगायचं असतं. त्याच क्षणी एखादी लाट येते आणि बोलायला उघडलेलं तोंड वेळेत मिटत नाही. म्हणून मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, आणि पहिलं काम बीसीडी फुगवणं. सिलिंडर रिकामं असेल तर तोंडाने: पाय मारून जरा वर यायचं, श्वास घ्यायचा, इन्फ्लेटरच्या नळीत बटण दाबून फुंकायचा, बटण सोडायचं, पुन्हा वर, पुन्हा श्वास. बटण सोडायचं विसरलं तर फुंकलेली हवा परत निघून येते. पाच-सहा श्वासांत खांदे पाण्यावर येतात. मग होडीकडे हाताचा मोठा गोल करून ठीकची खूण. बोलायचं त्यानंतर.